पंधरातल्या अकरा

रविवारी सकाळी साडेनऊला पवित्राने आईचा औषधांचा डबा पलंगावर रिकामा केला आणि नेहमीप्रमाणे मोजायला बसली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीच्या दोन अख्ख्या पट्ट्या आणि तिसरीतल्या सहा, मिळून सव्वीस. ठोके आवरणाऱ्या गोळ्या एकोणीस. लघवीच्या चौदा. कॅल्शियमच्या बाटलीत बावीस. मलमाची एक नळी, शेपटीकडून नीट गुंडाळत आणलेली. थर्मामीटर एक. आणि चुन्याच्या डबीएवढी एक स्टीलची डबी, जी गेल्या रविवारी या डब्यात नव्हती. तिच्यात चार कॅप्सूल.

पवित्राने त्यातली एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली. पारदर्शक टरफल, आत फिकट पिवळी पूड. तिला ती ओळखायला दोन सेकंदही लागले नाहीत. तेरा दिवसांपूर्वी राजारामपुरीतल्या दुकानात उभी राहून तिने स्वतःच ही निवडली होती. पण या घरासाठी नव्हे.

"अव्वा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "ह्या पिवळ्या कॅप्सूल कुठनं आल्या?"

स्वयंपाकघरात रत्नव्वा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला नाही. "फातिमानं दिल्यात. हाडाच्या. तूच आणलीस की तिला."

"तिला आणल्या. तुला नाही."

"मग तिनं निम्म्या दिल्या. डबा काय मोकळा धाडायचा व्हय?"

"किती दिल्या?"

"पंधरा. फळीवर तुपाशेजारी ठेवलतो. आज फळी पुसाय काढली म्हणून त्यात टाकल्या." मग जरा वेळाने, भाकरी तव्यावर टाकून, "का गं? कमी पडल्या काय तिला?"

पंधरातून चार गेल्या, अकरा. पवित्राने वजाबाकी दुसऱ्यांदा केली. ती शिवाजी विद्यापीठातून जीवरसायनशास्त्र शिकलेली होती, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मसाल्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत दिवसभर मोजमापंच करायची, आणि एवढ्या साध्या वजाबाकीचं उत्तर बदलत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिने तिसऱ्यांदा केली.

रत्नव्वा आता छप्पन्न वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी तिच्या हृदयातली एक झडप काढून तिथे धातूची बसवली होती. लहानपणीच्या सांधेतापाने ती झडप आधीच खाऊन टाकली होती. धातूच्या झडपेवर रक्त गोठायला बघतं, म्हणून रोज रात्री रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि महिन्याच्या महिन्याला रक्ताचा आकडा. डॉक्टर त्याला आय.एन.आर. म्हणत, रत्नव्वा नुसतं 'आकडा' म्हणे. तो अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. वर गेला तर कुठूनही रक्त वाहील. खाली आला तर झडपेवर गुठळी धरेल, आणि तिथून सुटलेली गुठळी सरळ मेंदूत जाऊ शकते. मागच्या महिन्याचा आकडा दोन पूर्णांक नऊ होता. पुढची तपासणी अजून नऊ दिवसांनी होती.

आणि ती गोळी जे करते, त्याच्या बरोबर उलटं करणारी वस्तू या कॅप्सुलांत होती. व्हिटामिन के. एकेकीत नव्वद मायक्रोग्रॅम.

हे घडलं कसं, हे पवित्राला कुणी सांगायची गरज नव्हती. उचगावच्या त्या गल्लीत त्यांचं दार आणि फातिमाचाचीचं दार समोरासमोर. वीस वर्षांत या घरचं भांडं त्या घरातून कधी रिकामं परत आलं नव्हतं, आणि त्या घरचं या घरातून गेलं नव्हतं. रत्नव्वाकडून पुरणाची होळगी गेली की डब्यात खारका यायच्या. आमटी गेली की साखर. लिंगायताच्या घरात काय चालतं आणि काय नाही हे फातिमा जाणून होती, म्हणून तिच्याकडून यायचं ते कोरडं, घासलेल्या भांड्यात, वर धुतलेलं फडकं. काहीच नसेल तर दोन लवंगा. पण मोकळं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी फातिमा न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडतं म्हणजे काय, म्हणून डॉक्टरांनी हाडांची तपासणी केली. पाळी जाऊन पाच वर्षं झाली, हाडं ठिसूळ झालीत, म्हणाले. कॅल्शियम दिलं, व्हिटामिन डी दिलं. पवित्राने घरी येऊन शोधनिबंध वाचून काढले आणि त्या डॉक्टरांना फोन करून विचारलं की व्हिटामिन के-टू दिलं तर चालेल का. ते म्हणाले, तिला दुसरी कुठली गोळी चालू नाही, द्यायचं तर द्या. मग तिने या कॅप्सुलांची बाटली आणली होती. जिलेटिन कुठल्या जनावराचं ते कळत नाही, फातिमाचाची ते घेणार नाही, म्हणून चार दुकानं पालथी घालून हिरव्या ठिपक्याची, शाकाहारी कॅप्सूल शोधली होती.

आणि ती देताना कट्ट्यावर बसून तिने दोघींना भाषण दिलं होतं. ते आता तिला शब्दन् शब्द आठवलं. ती म्हणाली होती, हे के-टू म्हणजे कावळा नाक्यावरचा पोलीस आहे बघा. कॅल्शियमला सांगतो, इकडं हाडात जा, तिकडं रक्तवाहिनीत घुसू नको. हाडाला चांगलं, हृदयालाही चांगलं. दोघी हसल्या होत्या. हृदयाचं अजून नीट सिद्ध झालेलं नाही, काही चाचण्यांत फरक दिसला, काहींत दिसला नाही, हे तिने सांगितलं नव्हतं. त्याने गोष्टीची मजा गेली असती. आणि आईला हे चालणार नाही, हेही नव्हतं सांगितलं. आईला कुणी दिलंच नव्हतं, तर सांगायचं कशाला.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. "कधीपासनं घेतीस?"

"मागल्याच्या मागल्या बुधवारपासनं. दुपारी जेवताना." रत्नव्वाने भाकरी उलटली. "तूच म्हनलीस तुपाबरोबर लागू पडतंय. भातावर जरा जास्तच घेतो तूप."

म्हणजे अकरा दिवस, एकही न चुकवता, आणि नीट तुपाबरोबर, जशी घ्यावी तशीच. पवित्राने गॅस बंद केला.

"भाकरी कच्ची हाय."

"राहू दे. इकडं बघ. हास."

"काय?"

"हास. दात दाखव."

रत्नव्वाने तिच्याकडे पाहिलं आणि ती खरोखरच हसली, कारण पोरीच्या तोंडावरचा रंग उडाला होता आणि ती हसायला सांगत होती. दोन्ही ओठांचे कोपरे सारखे वर गेले. "आता दोन्ही हात पुढं कर. डोळे मिट." पिठाचे हात पुढे आले आणि जिथे होते तिथेच राहिले. "तुझं पूर्ण नाव सांग."

"रत्नव्वा रुद्रय्या हिरेमठ. आता शाळंत घालतीस काय मला?"

बोलणं स्पष्ट होतं. पवित्राने स्टूल ओढून आईला त्यावर बसवलं आणि तिच्या छातीला कान लावला.

तो आवाज तिला पाठ होता. ऑपरेशन झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. घरी आणल्यावर पहिल्या रात्री तिला वाटलं, आईच्या उशाशी कुणीतरी घड्याळ ठेवलंय. टिक. टिक. धातूची झडप मिटताना होणारा तो आवाज, शांत खोलीत हाताच्या अंतरावरूनही ऐकू यायचा. दहावीचा अभ्यास तिने त्या आवाजाच्या सोबतीने केला. वडील चार वर्षांपूर्वी गेले, त्यानंतर दोघी एकाच खोलीत झोपायच्या, आणि मधेच जाग आली तर ती आधी तो आवाज ऐकायची आणि मगच कूस बदलायची. झडपेवर गुठळी धरली तर हा आवाज बोदा होतो, कधी बंदच होतो. हेही तिने वाचलं होतं, फार पूर्वी, आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला पुष्कळदा वाटलं होतं.

आता तिच्या कानाला आवाज येत होता. पण समोरच्या घरात रेडिओ लागला होता, गल्लीत कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, आणि तिच्या स्वतःच्या कानात रक्त धडधडत होतं. टिक होतं की थप, तिला ठरवता येईना. काल रात्री कसा होता? काल रात्री तिने ऐकलाच नव्हता. कारखान्यातून दमून आली होती आणि पडल्या पडल्या झोपली होती.

"दम लागतो का?" तिने विचारलं.

रत्नव्वाने बोटांवरचं पीठ झटकलं. "जिना चढताना जरासा."

"कधीपासनं?"

"तीन दिस झालं. ऊन किती हाय बघ की."

पवित्राने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर वर्षाराणी इंगवले नऊ वर्षं रत्नव्वाला तपासत होत्या आणि रविवारी फोन उचलत नसत. तिसऱ्या वेळी त्यांनी उचलला.

"कुठलं? के-टू?" त्यांनी मधेच तोडून विचारलं. "किती मायक्रोग्रॅम?"

"नव्वद."

"किती दिवस?"

"अकरा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "तोंड, हात, बोलणं?"

"पाहिलं. ठीक आहे. पण तीन दिवस दम लागतोय."

"मग वाट बघू नकोस. घेऊन ये. मी निघते. आणि हे बघ, आपल्या मनानं रक्ताची गोळी वाढवून द्यायची नाही. एकही नाही. कळलं?"

कळलं होतं. उलट तिला सगळं गरजेपेक्षा जास्त कळत होतं. यकृतात रक्त गोठवणारी प्रथिनं तयार होतात आणि हाडात कॅल्शियम धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. कामाला लागण्याआधी या दोघांवरही एकच शिक्का बसावा लागतो. तो शिक्का व्हिटामिन के मारतं. आईची गोळी तो शिक्का काढून घेते, आणि ही कॅप्सूल तो परत आणून देते. त्यातून हे के-टू शरीरात दिवसच्या दिवस टिकतं, रोजच्यावर रोज साठत जातं. म्हणजे आज बंद केलं तरी आज संपणार नव्हतं.

"अव्वा, चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

"भाकऱ्या?"

"चप्पल घाल."

दार उघडलं तर समोर फातिमा उभी होती, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. गल्ली अरुंद होती आणि हिरेमठांच्या घरातलं बोलणं ऐकायला तिला कान लावावा लागत नसे.

"काय झालं अक्काला?"

"चाची, तुम्ही तिला त्या कॅप्सूल का दिल्या?" पवित्राने विचारलं. तिला ओरडायचं नव्हतं आणि ती ओरडलीही नाही, पण ते शब्द दारातच पडून राहिले.

"का म्हंजे? हात मोडलेला, घरात चीनी न्हाई, काय घालू डब्यात? तू एवढी चांगली म्हनलीस. म्हनलं अक्काला बी हाडं हायत की." मग तिने पवित्राचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज खाली आला. "हिरवा ठिपका बघूनच दिल्ते गं मी. पोराकडनं, तोहिदकडनं, दोनदा बघून घेतलं. अक्काला चालत न्हाई ते त्यात काय न्हाई म्हनला."

तो हिरवा ठिपका तिनेच शोधला होता.

"ते माझ्या रक्ताच्या गोळीला उलटं पडतंय म्हनं," रत्नव्वा मागून म्हणाली. "तुला काय सपान पडलंतं व्हय? चल बाजूला हो."

फातिमा बाजूला झाली नाही. तिने मान वळवून हाक मारली, "अहो. रिक्षा काढा."

फातिमाचा नवरा दिलदार दाढी अर्धी करून बाहेर आला, फडक्याने साबण पुसला आणि काहीही न विचारता रिक्षात पुढे बसला. मागे तिघी. रत्नव्वा मधे. उड्डाणपुलाखाली ट्रक आडवा होता. दिलदारने रिक्षा चुकीच्या बाजूने घातली, एक मोटारवाला शिव्या देत गेला, आणि दिलदार नुसता "व्हय पावणं, व्हय" म्हणत पुढे निघाला. पवित्राने आईचं मनगट धरलं होतं आणि घड्याळाकडे बघत होती. पंधरा सेकंदांत चोवीस. चोवीस चोक शहाण्णव.

"मी तुला सांगू का," रत्नव्वा रस्त्याकडे बघत म्हणाली, "आमची सासू धुण्याच्या दगडावर पडली. बाळाबाई हिरेमठ म्हंजे कसली बाई, दोन घागरी एका दमात आणायची. खुबा मोडला. आठ महिनं अंथरुणात. तिचं हागणं-मुतणं मी काढलं. तवा मला दोन लेकरं, एक तू, एक मागनं गेलेलं. फातिमाचा हात मोडला तवापासनं मला तेच दिसतंय. मी पडलो तर तू कागलला जाणार, का माझं काढत बसणार?"

पवित्रा मोजत होती. आकडा चुकला आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"म्हनून म्हनलं, हाडाला चांगलं, हृदयाला बी चांगलं, एकाच गोळीत दोन्ही. घेतलं."

फातिमाने पलीकडून डाव्या हाताने डोळे पुसले. "अक्का, तू गप बस. दम लागंल."

दवाखान्यात रक्त घेतलं तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. निकालाला पाऊण तास, असं खिडकीतल्या माणसाने सांगितलं. जोतीराम असं नाव त्याच्या खिशावर होतं. पवित्राने त्याला विचारलं की मशीन कधी तपासून घेतलं होतं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "आज सकाळी, ताई. बसा."

ती बसली नाही. ओळीत खुर्च्या आठ, पंखे दोन, त्यातला एक चालू. रत्नव्वा आणि फातिमा शेजारी बसून कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. आई बोलत होती, म्हणजे मेंदू ठीक होता. पवित्रा दर दोन-तीन वाक्यांनी तिच्या तोंडाकडे बघायची. एकदा रत्नव्वा शब्द आठवायला थांबली आणि पवित्रा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "काय ते... गॅसवरनं भांडं उतरवत्यात... सांडशी," रत्नव्वा म्हणाली, आणि पुढे बोलू लागली.

अकरा बत्तीसला जोतीरामने खिडकीतून कागद सरकवला. पवित्राने तो वरून खाली, ओळीओळीने वाचला, कारण एकदम आकड्याकडे बघायचं धाडस होईना. नाव, वय, वेळ. आय.एन.आर. एक पूर्णांक तीन.

ज्या माणसाला ती गोळी चालूच नाही, त्याचा एक असतो.

डॉक्टर वर्षाराणी पदर खोचून आल्या होत्या, रविवारच्या साडीवर पांढरा कोट. त्यांनी कागद पाहिला, मान हलवली, आणि नर्सला रक्त गोठू न देणारं, पोटात द्यायचं इंजेक्शन भरायला सांगितलं. "आकडा वर येईपर्यंत हे सकाळ-संध्याकाळ. गोळी चालू राहील, आज आहे तेवढीच. रोज रक्त बघू." मग पवित्राकडे वळून, आवाज न चढवता, "तू शिकलेली आहेस ना गं?"

"हो."

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"ते औषध वाईट आहे असं नाही. हिच्या शेजारणीला चालेल. हिला नाही. आता आत चला. झडप बघू."

इकोच्या खोलीत अंधार होता आणि थंडी होती. पलंगाशेजारचं मशीन घुरघुरत होतं. रत्नव्वाला डाव्या कुशीवर झोपवलं. नर्स म्हणाली, "गळ्यातलं काढा, आजी."

रत्नव्वाच्या गळ्यात चांदीच्या करडग्यात, एका छोट्या डबीत, इष्टलिंग होतं. लग्नाच्याही आधीपासून ते अंगावेगळं झालेलं पवित्राने ऐकलं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळीही ते दंडाला बांधून आत गेलं होतं.

"काढत न्हाय. मुठीत धरतो."

"धरू दे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी थंड जेल लावलेलं यंत्राचं टोक छातीवर ठेवलं आणि पडद्यावर करड्या सावल्या हलू लागल्या. कोपऱ्यात ठोक्यांचा हिरवा आकडा होता. ११२.

"हे बघ," डॉक्टर पवित्राला म्हणाल्या, पडद्यावरची नजर न काढता. "झडपेतून रक्त पलीकडे जाताना दाबात फरक पडतो. दार जेवढं कमी उघडेल तेवढा फरक जास्त. मागच्या वर्षी हिचा सरासरी पाच होता. आता आठ-दहाच्या वर दिसला तर गुठळी आहे असं धरून चालायचं, आणि मग आजच्या आज दाखल. पण ठोके एवढे पळत असले तर झडप चांगली असूनही आकडा फुगतो. खोटा येतो. मला ऐंशीच्या खाली हवेत."

११४.

"आजी, शांत पडा. काही दुखवत नाही मी."

"मी शांतच हाय," रत्नव्वा म्हणाली. ११६. "हिला भाईर काढा."

"कुणाला?"

"पवित्राला. हिचं तोंड बघून माझं काळीज उडालंय. सकाळधरनं मेल्यावानी बघतीया माझ्याकडं. फातिमाला बोलवा."

पवित्राने बाहेर जाऊन फातिमाला आत पाठवलं. पण ती पूर्ण बाहेर गेली नाही. दाराच्या आत, आईच्या पाठीमागे, जिथून तिला पडदा दिसत होता आणि आईला ती दिसत नव्हती, तिथे भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरांनी पाहिलं आणि त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

फातिमा स्टुलावर बसली. तिने डाव्या हाताने रत्नव्वाचा मोकळा हात धरला. अंधारात तिचं प्लास्टर पांढरं दिसत होतं.

"किती गारठा केलाय गं हितं," ती म्हणाली.

"एसी हाय."

"आमच्या ह्यांना सांगायला पायजे, असला एक रिक्षात बसवा म्हनून." ११०. "अक्का, तू रागावलीस न्हवं माझ्यावर?"

"रागावून काय करू? तुझा दुसरा हात मोडू?"

"मोड. मग तुलाच भाकऱ्या थापून घालायला लागत्याल."

"ते आत्ताबी मीच घालतोय की. तीन आठवडं झालं, तुझ्या दिलदारानं एक दिस तरी चूल पेटवली काय?"

"पेटवली की. परवा. तू लग्नाला गेलतीस न्हवं." फातिमा जरा पुढे वाकली. "भात लावला. मी बसल्या जाग्यावरनं सांगत्ये, दोन वाट्या पाणी. त्यो म्हनतो, मला कळतंय. झाकण काढलं तर पेज. म्हनलं हे काय? तर म्हनतो, तुझा हात मोडलाय, दात न्हाईत मोडलं, पी."

रत्नव्वाच्या पोटातून हसू आलं आणि पडद्यावरची सावली हलली. "हलू नका," डॉक्टर म्हणाल्या, पण तुटकपणे नाही. १०१.

"मग प्यालीस?"

"प्याले. मीठ दोनदा पडलेलं. तोहिद म्हनला, अम्मी, समुद्राला जायची गरज न्हाई आता."

९४.

पवित्रा भिंतीला टेकून हिरवा आकडा बघत होती. तिला वाटलं, आपण श्वास घेतला तरी तो वर जाईल. तिने हळूच, नाकाने, मोजून घेतला.

"अक्का, तू बरी हो," फातिमा म्हणाली, आणि इथे तिचा आवाज जरा फाटला. ९९. तिने तो सावरला. "आता डब्यात काय घालू तेवढं सांग. खारका चालत्यात न्हवं? आधी हिला इचारून घालत्ये. लिहून घेत्ये."

"खारकाच दे. आनि मोकळा दिलास तरी चालंल."

"ते न्हाई व्हायचं."

"मग दोन लवंगा टाक. लवंगांनी काय व्हतंय?"

दोघीही थांबल्या, आणि अंधारात पवित्राच्या दिशेने न बघताच रत्नव्वा म्हणाली, "लवंगांनी काय व्हतंय का गं?"

ती तिथे आहे हे तिला आधीपासून ठाऊक होतं.

"दोनांनी काही होत नाही, अव्वा," पवित्रा म्हणाली.

८८. ८५. मशीन घुरघुरत राहिलं. कुणीच बोलत नव्हतं आता. फातिमाचा अंगठा रत्नव्वाच्या हाताच्या पाठीवरून सावकाश फिरत होता, एका शिरेवरून, पुन्हा मागे. रत्नव्वाची मूठ लिंगावर मिटलेली होती, बोटांची पेरं पांढरी. मग पेरांत रंग परत आला. ८१. ७९. आणि त्या शांततेत, मशीनच्या घुरघुरीखालून, पवित्राला ऐकू येऊ लागलं. बारीक, कोरडं. तिने त्यावर विश्वास ठेवला नाही. तिने पडद्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी एक कळ दाबली. चित्र थिजलं. त्यांनी एका सावलीच्या कडेने सावकाश रेघ ओढली, पुन्हा कळ दाबली, चित्र सोडलं, थिजवलं, दुसऱ्यांदा रेघ ओढली. तिसऱ्यांदा. मग चष्मा कपाळावर सरकवून पुढे वाकल्या आणि नर्सला लिहायला सांगितलं.

"ठोके शहात्तर. झडपेवरचा सरासरी फरक, तीन मोजमापांचा, पाच पूर्णांक एक."